कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मॉर्फिन घेतलं तर प्रतिकारशक्ती घटून कॅन्सर परत येतो का?

कृष्णाकाठ:

नमस्कार. दवाखान्यातूनच मोबाइलवर लिहितोय, काही सांगायचं राहिलं असेल तर विचारा.

आईचं (वय ६४) परवा मिरजेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवीकडचा भाग काढून आतडं परत जोडलंय. दुर्बिणीतून जमणार नव्हतं, पोट उघडूनच करावं लागलं. ऑपरेशन मनासारखं झालं असं सर्जन म्हणाले. काढलेल्या भागाचा रिपोर्ट अजून यायचाय.

पाठीत एपिड्युरलची, म्हणजे दुखणं बधिर करणारं औषध सोडायची, नळी होती तोवर आई निवांत होती. काल सकाळी कूस बदलताना ती नळी निघून आली, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून थोडं थोडं मॉर्फिन द्यायचं ठरवलं. तिथे सगळं अडलं. आमच्या मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता, की मॉर्फिनने कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी लुळ्या पडतात आणि कॅन्सर दुसरीकडे पसरतो. काका काहीही पुढे पाठवणाऱ्यातले नाहीत, विज्ञानाचे शिक्षक होते, आणि मेसेजमध्ये संशोधनाचे दाखलेही होते. मावशीने तो आईला वाचून दाखवला.

तेव्हापासून आई इंजेक्शन घेऊ देत नाही. ‘एवढं कापून काढलंय ते परत उगवायला औषध घेऊ का? सोसेन मी,’ म्हणते. राउंडला डॉक्टर आले की दुखत नाही म्हणून सांगते आणि ते वळले की पलंगाचा कठडा घट्ट धरते. खोकत नाही, कुशीवर होत नाही. श्वास आत ओढून तीन गोळे वर न्यायचं ते यंत्र दिलंय, त्यातला पहिला गोळासुद्धा नीट उचलला जात नाही. रात्री ऑक्सिजन ९२ पर्यंत उतरला होता.

मॉर्फिनबद्दल जे म्हणतात त्यात तथ्य किती? आणि आईला काय सांगू? माझं ती ऐकत नाही, पण लिहिलेलं नीट वाचते. डॉक्टर मंडळी कोणी असतील तर कृपया लिहा.


मोगरा:

काळजी घ्या आणि स्वतःही दोन घास खा. माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिल्या रात्री मॉर्फिन दिलं होतं. मला मळमळलं खूप, पण झोप लागली आणि सकाळी हात उचलून व्यायाम करता आला. शास्त्र मला कळत नाही, ते जाणकार सांगतील. इथे अनघाताई आहेत, त्यांना निरोप पाठवलाय.


अनघा_भूलतज्ज्ञ:

मोगराताईंचा निरोप मिळाला. कृष्णाकाठ, मी नाशिकला भूलतज्ज्ञ आहे आणि माझे बरेचसे पेशंट कॅन्सरच्या ऑपरेशनचेच असतात. सविस्तर लिहिते, पण पुढचं वाचण्याआधी एक काम करा. आत्ता उठा, ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे जा आणि आई दुखणं लपवतेय हे स्पष्ट सांगा. रात्रीचा ऑक्सिजनचा आकडाही सांगा. पोटावर लांब छेद असला की खोल श्वासाला टाके ओढले जातात. मग माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसांचा तळ मिटून राहतो, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनियाला जागा होते. या दोनतीन दिवसांत त्यांना खरा धोका हा आहे.

‘दुखतंय का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका बहुतेक वेळा नाहीच म्हणतात. शिवाय हलायचं नाही असं ठरवून उताणं पडलं की खरंच फार दुखत नाही. म्हणून मी राउंडला ते विचारतच नाही. मी म्हणते, ‘जोरात खोकून दाखवा बरं.’ ज्यांना दुखत नसतं त्या खोकतात. ज्यांना दुखतं त्या आधी माझ्याकडे बघतात, मग पोटावर हात नेतात आणि शेवटी घशातल्या घशात खाकरतात. ते बघितलं की मला आकडा विचारावा लागत नाही. तुमच्या डॉक्टरांनाही विनंती करा की खोकताना आणि उठून बसताना दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते बघा.

आता तुमच्या काकांचा मेसेज. त्यांनी मनचं काही लिहिलेलं नाही. मॉर्फिनचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो हे प्रयोगशाळेत बऱ्याच वर्षांपासून दिसलंय. आपल्या रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात, ऑपरेशनच्या वेळी गाठीतून सुटून रक्तात आलेल्या कॅन्सरच्या पेशींना गाठणं हे त्यांचं एक काम. मॉर्फिन दिलेल्या उंदरांमध्ये या पेशींचा जोर कमी झालेला आढळला. मॉर्फिन काही अंशी थेट प्रतिकारपेशींवर आणि काही अंशी मेंदूमार्फत, ताणाच्या संप्रेरकांमधून हे करतं. उंदरांमधल्या स्तनाच्या गाठींना मॉर्फिनने नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत झाली, असंही २००२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा शंका घेणं रास्तच होतं, आम्हीही घेतली.

पण मेसेजात जे नाही तेही ऐका. नॅचरल किलर पेशींचा जोर ऑपरेशनने आपोआपच उतरतो आणि काही दिवस उतरलेलाच राहतो. कापाकापी, रक्तस्राव, अंग गार पडणं, भीती आणि वेदना या सगळ्यांनी शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, ती या पेशींना दाबतात. म्हणजे दुखणं सोसत पडून राहिल्याने प्रतिकारशक्ती जपली जाते, हा हिशोब मुळातच चुकतो.

यावर १९९३ साली गेल पेज, शमगर बेन-एलियाहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. त्यांनी उंदरांवर, म्हणजे रॅटवर, पोटाचं ऑपरेशन केलं आणि त्यांच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. ऑपरेशन झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांत कॅन्सर जास्त रुजला, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना ऑपरेशनच्या वेळी मॉर्फिन दिलं होतं त्यांच्यात ही वाढ कमी झाली. हे तेच मॉर्फिन, जे एरवी निरोगी जनावरात प्रतिकारपेशींना दाबतं. वेदना असताना दिलं तेव्हा वेदनेने होणारं नुकसान त्याने कमी केलं. औषध कुठल्या शरीराला, कुठल्या अवस्थेत देतोय याला इतकं महत्त्व आहे.

अर्थात उंदीर तो उंदीर. माणसांत काय झालं ते विचाराल, तर सगळ्यात मोठा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा आहे. डॅनियल सेसलर यांच्या नेतृत्वाखाली १३ रुग्णालयांत तो झाला, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २१०० हून जास्त बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला पाठीच्या कण्याजवळ बधिरतेचं इंजेक्शन आणि प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध, त्यामुळे अफूवर्गातली, म्हणजे मॉर्फिन आणि त्याच्या जातीची, औषधं कमी लागली. दुसऱ्या गटाला नेहमीची वायूची भूल आणि दुखण्यासाठी अफूवर्गातली औषधं. कॅन्सर परत येण्याचं प्रमाण? दोन्हीकडे सुमारे १० टक्के. पहिल्या गटात १०४३ पैकी १०२, दुसऱ्यात १०६५ पैकी १११. फरक नाही.

तुमच्या आईच्या वयाला आणि ऑपरेशनला जास्त जवळचा अभ्यास बीजिंगचा आहे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. साठीच्या पुढचे, छातीचं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालेले सुमारे १७०० पेशंट, त्यातले बहुतेक कॅन्सरचे. निम्म्यांना भूल आणि एपिड्युरल, निम्म्यांना नुसती भूल आणि नंतर शिरेतून अफूवर्गातलं औषध. पाच वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला, तरी जगण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. तेव्हा नळी निघाली म्हणजे आईचं आयुष्य घटलं, असला विचार मनात आला असेल तर तो काढून टाका.

तरी मी स्वतः मॉर्फिन जपूनच वापरते, ते का तेही सांगते. मॉर्फिनने आतडं सुस्तावतं. आतड्याचंच ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये गॅस सरकायला त्याने उशीर होऊ शकतो, मळमळ होते, गुंगी येते. म्हणून आधी दुसऱ्या औषधांचा पाया घालायचा आणि उरलेल्या दुखण्यापुरतं मॉर्फिन द्यायचं. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, दुखो न दुखो, चालू आहे का बघा. पोटाच्या भिंतीत सोनोग्राफीने बघून बधिरतेचं इंजेक्शन देता येतं, त्याला टॅप ब्लॉक म्हणतात. नळी निघाल्यावर तो देता येईल का, हे तिथल्या भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. डायक्लोफिनॅक स्वतःहून मागू नका. आतड्याच्या जोडाबद्दल आणि किडनीबद्दल त्या औषधाची शंका असते, त्याचा निर्णय सर्जनच घेतील.

आईंना वाचायला देणार म्हणालात, म्हणून हे त्यांच्यासाठी.

काकू, नमस्कार. तुम्ही दुखणं सोसताय ते मुलांसाठी आणि बरं होण्यासाठी, हे मला कळतंय. पण तुमच्या शरीराला आत्ता सोसण्याचं नाही, खोल श्वास घेण्याचं, खोकण्याचं आणि चार पावलं चालण्याचं काम आहे. ते दुखत असताना होणार नाही. औषध घ्या, वीसेक मिनिटं थांबा, मग उशी पोटाशी घट्ट धरून खोका. एवढ्याशा औषधाने कॅन्सर परत उगवतो, असं माणसांवरच्या मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगा. दुखतंय म्हणायला काही कमीपणा नाही. तुमच्या वयाच्या कितीतरी जणी मी बघते, त्या डॉक्टरांना त्रास नको म्हणून गप्प राहतात. आम्हाला त्रास तुम्ही गप्प राहिल्याने होतो.


सह्यकडा:

अनघाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण चित्र जरा एकतर्फी वाटलं. डब्लिनच्या डॉक्टरांचा २००६ चा अभ्यास आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या १२९ बायका, ज्यांना पाठीतून बधिरतेचं इंजेक्शन मिळालं त्यांच्यातल्या ९४ टक्के तीन वर्षांनी कॅन्सरमुक्त आणि ज्यांना मॉर्फिन मिळालं त्यांच्यातल्या ७७ टक्के. एवढा फरक योगायोगाने कसा पडेल? माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हाला हे कोणी सांगितलंही नाही, म्हणून विचारतोय.


अनघा_भूलतज्ज्ञ:

सह्यकडा, बरं झालं तुम्ही हा अभ्यास काढलात. तो वाचूनच आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी जणांची झोप उडाली होती.

तो जुन्या केसपेपरवरून केलेला अभ्यास होता. कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, त्या त्या वेळच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. अशा वेळी दोन गट मुळातच सारखे नसण्याची शक्यता राहते. गाठ मोठी, ऑपरेशन मोठं, म्हणून दुखणं जास्त, म्हणून मॉर्फिन जास्त. आणि मोठ्या गाठीचा कॅन्सर परतही जास्त येतो. दोष गाठीचा, नाव मॉर्फिनचं. अभ्यास करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, आणि याची चिठ्ठ्या टाकून परीक्षा व्हायला हवी असं त्यांचंच म्हणणं होतं. डब्लिनच्या डोनल बगी यांचं नाव २००६ च्या अभ्यासात आहे आणि मी वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासातही आहे. स्वतःच्याच शंकेची त्यांनी बारा वर्षं खपून परीक्षा घेतली आणि ती खरी ठरली नाही हे जगाला सांगितलं. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

जुन्या केसपेपरचे अभ्यास उलटंही दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये ट्रिपल निगेटिव्ह जातीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ११४३ बायकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०२१ मध्ये आला. तिथे ऑपरेशनच्या वेळी अफूवर्गातली औषधं जास्त मिळालेल्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून मी कॅन्सर टळावा म्हणून मॉर्फिन द्यायला लागले का? नाही. त्या अभ्यासालाही तोच नियम लावायचा.

आणि ऑपरेशनच्या टेबलावर आपण जे करतो त्याचा कॅन्सरवर काहीच परिणाम होत नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांवर स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० बायकांचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या सभोवती साधं लिडोकेन टोचायचं, बाकी सगळं तेच. हीसुद्धा चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी. पाच वर्षांनी लिडोकेनच्या गटात ९०.१ टक्के बायका हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. दात काढताना वापरतात ते हे बधिरतेचं औषध, खर्च नगण्य. याचा मॉर्फिनशी संबंध नाही आणि आतड्याच्या कॅन्सरला हा निकाल तसाच लावता येणार नाही. पण प्रश्न विचारायचा तर असा विचारायचा आणि उत्तर शोधायचं तर असं शोधायचं.

तुमच्या सासऱ्यांना मॉर्फिन मिळालं असेल तर त्याची बोच मनात ठेवू नका. त्यांचं दुखणं कमी झालं, ते चांगलंच झालं.


स्टाफनर्स_लातूर:

अनघा मॅडमनी सगळं सांगितलंय, मी वॉर्डातलं सांगते. दादा, औषध दिलं की लगेच आईंना उठवू नका आणि फार उशीरही करू नका. औषध लागू झालं की आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, चक्कर येत नाही ना बघा, मग उभं करा. लघवीची पिशवी आणि ड्रेनची नळी कोणाच्या तरी हातात द्या, नाहीतर ओढली जाते. मॉर्फिन चालू असताना पेशंट फारच झोपाळू झाला, हाक मारून डोळे उघडेना किंवा श्वास अगदी सावकाश व्हायला लागला तर क्षणभर न थांबता सिस्टरना बोलवा. त्यावर उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं. घाबरवायला सांगत नाही, जवळ बसणाऱ्याला माहीत असावं म्हणून सांगते.

आणि एक. मॉर्फिन म्हटलं की लोकांना वाटतं आता शेवट जवळ आला. पेशंटच्या मनात हेही असतं, बोलून दाखवत नाहीत. आईंना विचारून बघा.


कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघाताईंचा मजकूर मोठ्या अक्षरांत करून आईला दिला. तिने चष्मा मागून दोनदा वाचला. मग मला विचारलं, ‘हे मरायला टेकलेल्यांना देतात ते औषध नव्हे ना?’ सिस्टर म्हणाल्या तसंच निघालं. शेजारच्या वाड्यातल्या आजोबांना शेवटी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. कॅन्सर परत उगवेल ही भीती त्याच्यावर चढलेली.

इथल्या भूलतज्ज्ञांनी संध्याकाळी येऊन पोटाच्या दोन्ही बाजूंना ब्लॉक दिला आणि रात्रीसाठी मॉर्फिन थोड्या मात्रेत ठेवलं. आई आज उशी धरून खोकली, कफ पडला. दोन गोळे वर गेले. ऑक्सिजन ९६ आहे. गॅस अजून सरकलेला नाही, सर्जन म्हणतात वाट बघू. काकांनाही हा धागा पाठवलाय, त्यांनी तो ग्रुपवर टाकला आणि पहिला मेसेज काढून टाकला.

आता पुढचं. घरी जाताना दुखण्यासाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या देणार म्हणाले. ट्रामाडॉलने प्रतिकारशक्ती उलट वाढते असं एकाने सांगितलं, ते खरं का? आणि सवय लागते का?


अनघा_भूलतज्ज्ञ:

९६ वाचून फार बरं वाटलं.

ट्रामाडॉलबद्दल ते म्हणतात त्याला थोडा आधार आहे. २००० साली इटलीत गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३० बायकांवर छोटा अभ्यास झाला होता. त्यात ट्रामाडॉलच्या गटात नॅचरल किलर पेशींचा जोर वाढलेला दिसला, मॉर्फिनच्या गटात तसं दिसलं नाही. पण ती रक्तातली मोजणी होती, कॅन्सर परत आला की नाही हे त्यात बघितलेलं नाही. एवढ्यावरून प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून ट्रामाडॉल घेऊ नये. दुखण्यासाठी घ्यावं, आणि काहींना ते लागूच पडत नाही, कारण ते कामाला यायला यकृतात बदलावं लागतं आणि प्रत्येकाच्या यकृतात तो बदल सारखा होत नाही. तसं झालं तर गोळ्या वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. आईंना नैराश्याची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर ते आधी सांगा, ट्रामाडॉलबरोबर ती जुळत नाहीत.

ऑपरेशननंतर थोडे दिवस, सांगितल्या मात्रेत घेतलं तर सवय लागण्याची शक्यता कमी असते. धोका सुरू होतो तो चिठ्ठी संपल्यावर ओळखीच्या दुकानातून परत परत आणल्याने. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, ते याच कारणाने. गोळ्या मोजून घ्या, उरल्या तर घरात ठेवू नका. पॅरासिटामॉल मात्र ठरलेल्या वेळी चालू ठेवा, त्याने ट्रामाडॉल कमी लागेल. पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून चालू करायचं का, ते सर्जनना विचारा. जोड नवीन आहे, स्वतःच्या मनाने जुलाबाचं काही देऊ नका.

रिपोर्ट आला की गाठींची, म्हणजे लिम्फ नोडची, संख्या आणि त्यातल्या किती बाधित आहेत ते बघा. केमोथेरपी लागणार की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरेल, आणि कॅन्सर परत येण्याचा प्रश्नही तिथेच जास्त आहे. रिपोर्ट इथे टाकलात तर आपल्यातले कॅन्सरतज्ज्ञ बघतील. नाव आणि केसपेपर नंबर झाकून टाका.